बनीचं बियाणं

आमच्या गावाचा एक शेततुकडा होता, हिवरखेडच्या वाटेवर, नाल्याला लागून. तो कुणा एकाचा नव्हता. कुणी बैलजोडी द्यायची, कुणी निंदणाला बाया पाठवायच्या, आणि तिथं पिकलेल्या बनी कापसाची सरकी पेरणीसाठी घरोघर वाटून घ्यायची. बनी म्हणजे आमचा जुना, लांब धाग्याचा कापूस; जडी म्हणजे हलका, आखूड धाग्याचा. गावातल्या पोरापोरींनी शेती शिकायची ती याच तुकड्यावर, आणि शिकवणार माझे सख्खे काका. बियाण्यासाठी कोणतं झाड राखायचं, कोणतं बोंड सोडायचं, सारं त्यांनी माझ्या हाताला लावलं. बापापेक्षा मी त्यांना जास्त मानत असे. आज हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस अडला आणि विलायतेतल्या गिरण्यांना आमचा कापूस गोड लागू लागला. अमरावतीचे दलाल गावोगाव फिरू लागले. बायकांच्या अंगावर चांदी आली, बैलांच्या शिंगांवरही आली. दलालांना दम नव्हता. ते कापूस सरकीसकट उचलत, बियाणंही त्यातच जाई. म्हणून गावानं चावडीवर ठरवलं, घरचा सारा विका, पण तुकड्यावरच्या कापसाला हात लावायचा नाही. तो काकांच्या कोठ्यात राहिला.

पेरणीच्या तोंडावर काकांचा निरोप आला: सरकी शेणमातीत चोळून तयार आहे, घेऊन जा. सरकी चोळल्याशिवाय आमच्याकडे पेरत नाहीत. नाहीतर ती एकमेकींना चिकटते आणि पेरणीच्या सरत्याच्या नळीतून खाली पडत नाही. पण हे काम ज्यानं त्यानं आपल्या अंगणात करायचं असतं. साऱ्या गावाचं काकांनी एकट्यानं केलं, म्हणून लोक त्यांचे गोडवे गाऊ लागले. मीही छाती काढून हिंडलो.

फक्त शेजारची मावशी अडून बसली. नवरा गेल्यापासून तिचं शेत तीच पाहत असे. "मूठभर धुऊन पायतो," ती म्हणाली. "चोयल्यावर बनी का अन् जडी का, सारी सरकी सारखीच दिसते."

"माह्यावर भरोसा नाई का तुमचा?" काकांचा आवाज कापरा झाला. सगळे मावशीवर तुटून पडले. तिनं मान खाली घातली आणि टोपली पुढे केली.

बोंडं फुटली तेव्हा मी आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभा होतो. कापूस चिमटीत धरून ओढला, धागा लगेच तुटला. आखूड, खरखरीत. जडी! मावशीच्या शेतात तेच, पलीकडे तेच, तुकड्यावरही तेच. गावात बनीचं झाड म्हणून उरलं नव्हतं. शेवटी काकांच्या गड्यानंच तोंड उघडलं. तुकड्यावरचा कापूस काकांनी कधीच दलालाच्या गाडीत भरून दिला होता, आणि अकोल्याच्या बाजारातून मिळेल ती सरकी आणून चोळली होती.

मी तडक त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"काकाजी, गावाचं बियाणं इकलं तुमी? काहून?"

त्यांनी नजरसुद्धा चुकवली नाही. "ते बाई धुऊन पायतो म्हने, तवा मी नाई म्हनलं का तिले? तुमीच तिले गप केलं."

खरंच, ते नाही म्हणाले नव्हते. मी तिथून निघालो. त्यानंतर मी त्यांना काकाजी म्हणून हाक मारली नाही. ते गेले, तेव्हा त्यांच्या उशाशी बसूनही नाही.