एक चालू, एक स्टँडबाय

कोयलीचे काका आमच्या घरी कधी रिकाम्या हाताने आले नाहीत. दर खेपेला नवा अँटीव्हायरस घेऊन आले. लोक येताना खमण आणतात, गेला बाजार चार केळी आणतात. हे खिशात पेनड्राइव्ह घालून यायचे आणि चपला काढता काढताच विचारायचे, "मशीन कशी आहे?" आई अंथरुणाला खिळली होती तेव्हाही त्यांनी आधी मशीनची चौकशी केली आणि मग आईची. ते मी विसरलेले नाही.

तीस वर्षं त्यांनी कोयलीच्या रिफायनरीत पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळले. निवृत्त होऊन पाणीगेटला आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले आणि इमारतीतल्या चार मराठी घरांनी परस्पर ठरवून टाकलं, की एवढा मोठा कारखाना सांभाळणाऱ्याला घरातला कॉम्प्युटर काय जड आहे! आम्हा बडोदेकरांची ही जुनी खोड. एकदा कुणाला शहाणा म्हटलं की तो करतो काय, हे पुन्हा म्हणून बघायचं नाही. काकांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बोलणं असं की समोरच्यालाच आपण अडाणी असल्याची लाज वाटावी.

कारखान्यात म्हणे प्रत्येक पंपाच्या शेजारी तसाच दुसरा पंप उभा असतो. पहिला बंद पडला की दुसरा सुरू करायचा. "एक चालू, एक स्टँडबाय," हे काकांचं ब्रह्मवाक्य. त्यांच्या खिशाला पेनं दोन, गळ्यात चष्मे दोन, देवापुढे काडेपेट्या दोन. तिथवर माझी काही हरकत नव्हती. पण त्याच न्यायाने त्यांनी आमच्या कॉम्प्युटरवर अँटीव्हायरसही दोन बसवले. मी सांगून पाहिलं, की काका, हे दोघं एकमेकांनाच चोर समजतात. कॉम्प्युटरबरोबर आलेला एक आहे तो पुरे, तो चालू ठेवा आणि वेळच्या वेळी अपडेट करा. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बाबांना म्हणाले, "मास्तर, जो रखवालदार ओरडत नाही, तो झोपलेला असतो."

आणि या एका कसोटीवर त्यांनी आमच्यासाठी अँटीव्हायरस निवडला. मुलीला स्थळं बघावीत तसा महिनाभर कार्यक्रम चालला. एकेक आणायचा, बसवायचा, आठवडाभर तो किती वेळा ओरडतो ते वहीत लिहायचं. कॉम्प्युटरबरोबर आलेला बिचारा गुपचूप काम करी, म्हणून त्याला पहिल्याच दिवशी नापास करून बंद केलं. जो सर्वांत जास्त बोंबलला तो चालू आणि त्याच्या खालोखाल बोंबलणारा स्टँडबाय. तेव्हापासून मशीन सुरू व्हायला अख्खा चहा पिऊन व्हायचा. काकांना तो मशीनचा भारदस्तपणा वाटे. मूर्ख माणूस! तेव्हा म्हणत होते, आजही म्हणते.

बाबा मराठी शाळेतले मास्तर. अकरा वर्षं ते एक कोश करत होते, आपल्या बडोद्याच्या मराठीचा. आपण खिडकीला बारी म्हणतो, भाजीला शाक म्हणतो, पुण्याचे पाहुणे त्याला हसतात, आणि आपली मुलं तर आता घराबाहेर मराठी बोलतच नाहीत. असे शब्द त्यांनी घरोघर फिरून गोळा केले होते. शब्द कार्डांवर लिहून घडियाळी पोळच्या बाजारातून आणलेल्या बांगड्यांच्या खोक्यांत ठेवलेले. पण अर्थ, आणि प्रत्येक शब्दाखाली तो कोण कसा बोलायचा त्याची वाक्यं, हे सगळं फक्त कॉम्प्युटरमध्ये होतं. तेही एका विद्यार्थ्याने फार पूर्वी बनवून दिलेल्या टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये, जो दुसऱ्या कुठल्या मशीनवर नव्हता. बाबांना अलीकडे विसरायला होत होतं. डॉक्टर म्हणाले होते की हे वाढत जाणार. म्हणून बाबा घाईला आले होते. या सगळ्याची एक प्रत काढून दे, साध्या मराठी टायपिंगमध्ये आणून दे, असं मला दोन वर्षं सांगत होते. मला ते येत होतं. मी म्हणायचे, रविवारी करते.

एका सकाळी मी बँकेत निघायच्या तयारीत होते आणि आतून काकांचा विजयी आवाज आला, "चौदा सापडले, चौदा मारले!" त्यांनी "कायमचे काढून टाका" यावर बोट दाबलं होतं. मी धावत जाऊन पाहिलं. त्या चौदांतले बरेचसे तर दुसऱ्या रखवालदाराचेच तुकडे होते. बाकीचा होता बाबांचा टायपिंगचा प्रोग्रॅम. विद्यार्थ्याने घरी बनवलेला, कुणाच्या ओळखीचा नाही, म्हणून चोर. कोशाची फाइल उघडली तर आत नुसते चौकोन. ज्याने तो प्रोग्रॅम बनवला तो विद्यार्थी आता हयात नाही आणि त्याने दिलेली सीडी केव्हाच खराब झाली होती. मी दोन जाणकारांना दाखवलं. दोघांनी हात वर केले.

मी काकांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबांसमोर बोलले, दार उघडं ठेवून बोलले, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं बोलले. बाबा एवढंच म्हणाले, "तू ती प्रत काढली होतीस ना?" काकांच्या खिशाला पेनं दोन, आमच्या मशीनवर अँटीव्हायरस दोन, आणि ज्या एका गोष्टीला स्टँडबाय हवा होता तिला नव्हता. ते काम काकांचं नव्हतं, माझं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला काका दारात हजर. माफी नाही, काही नाही. बगलेत उशी, गळ्यात दोन्ही चष्मे. बाबांना म्हणाले, "मास्तर, खोकी काढा. हुं छुं ने." मी आहे ना, म्हणजे. मला वाटलं, चार दिवसांचं नाटक आहे. हा माणूस एका बोटाने टाइप करतो, ऱ्हस्व दीर्घ याच्या गावी नाही, हा काय कोश लिहिणार! पण ते रोज आले. चहा संपेपर्यंत मशीन सुरू होई, मग बाबा कार्ड वाचत, अर्थ सांगत, वाक्यं आठवत, आणि काका एकेक अक्षर शोधून बोटाने दाबत. बाबा अडखळले की काका मुद्दाम चुकीचा अर्थ सांगायचे. बाबा चिडायचे आणि चिडले की त्यांना बरोबर आठवायचं. हे मला पुष्कळ उशिरा कळलं, कारण मी दहा वाजता घरी नसायचे. फाइलच्या प्रती मात्र पहिल्या दिवसापासून दोन. एक आमच्या कपाटात, एक काकांच्या.

आठ महिन्यांत ते फ संपवून ब च्या तोंडाशी आले, आणि एका पहाटे काका झोपेतच गेले. बाबांना सांगितलं. त्यांना कळलंही. पण दहा वाजता ते दार उघडून बसले, आणि पुढे आठवडाभर रोज बसले.

शेवटी मी बँकेत बोलून दुपारची पाळी घेतली आणि एका मंगळवारी काकांच्या उशीवर बसले. दोन्ही रखवालदार काढून टाकले आणि तो गुपचूप काम करणारा जुना परत चालू केला. मशीन झटक्यात सुरू झाली, बाबांचा चहा अजून कपातच होता. त्यांनी पहिलं कार्ड उचललं: बारी. उलटून मागे पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. काकांसारखं मीही चुकीचं सांगून पाहिलं, म्हटलं, बारी म्हणजे दार. ते चिडले नाहीत. "असेल," म्हणाले. मी खिडकी असं टाइप केलं. खालच्या वाक्याची जागा कोरी राहिली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला तिथे दहा वाक्यं सांगितली असती.

मग त्यांनी कार्ड खाली ठेवलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आज रविवार आहे का?"

आता रोज विचारतात. मी हो म्हणते.