कानातला करंट

वारंगा फाट्यावर माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीतली जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची, हेच तीस वर्षं करत आलो. विजेच्या बाबतीत आपल्याला कुणी शहाणपण शिकवू नये, अशी माझी समजूत होती. याच समजुतीपायी माझ्या बायकोचं ऑपरेशन होऊनही ती दोन महिने बहिरीच राहिली.

मेंदूज्वरातून ती वाचली, पण दोन्ही कान गेले. पूर्वी तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. दुकानात उधार मागायला आलेला माणूस ती बसलेली दिसली की चहा पिऊन परत जायचा. आता ती कुणी काही बोललं की नुसती हसायची. हट्टा गावी बहिणीकडे जायचंही तिने सोडलं. म्हणाली, "समदे हसले का मीबी हसते, अन् कशाला हसले ते मलाच ठाऊक न्हाई." तिचं ते हसणं मला बघवत नव्हतं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

कानाला लावायच्या साध्या मशीनचा उपयोग होईना. शहरातले डॉक्टर म्हणाले, आवाज कानाच्या नसेकडे पोचवणाऱ्या आतल्या बारीक पेशी मेल्यात, पण मागची नस जिवंत आहे. तिथपर्यंत तार सोडू आणि नसेला थेट विजेचे बारीक ठोके देऊ. उशीर मात्र करू नका. बायको तयार नव्हती. डोक्यात करंट कोण घालून घेईल? मीच तिच्या मागे लागलो. एका कॉइलचं कातडीखाली रोपण, दुसरी बाहेर लोहचुंबकाने चिकटलेली, मधे तार नाही, तरी आत वीज जाते. हे ऐकल्यावर मी खुर्चीतून उठलोच. अरे, हा तर आपला ट्रान्सफॉर्मर! डॉक्टरांना मी तसं सांगितलंही. ते बिचारे हो म्हणाले.

जखम भरल्यावर मशीन चालू करायचा दिवस आला. आमच्या धंद्यात एक नियम आहे. नव्या वायंडिंगला पहिल्याच दिवशी पूर्ण लोड द्यायचा नाही. आधी मोटार रिकामी फिरवायची, हात लावून बघायचं, तापते का, वास येतो का. आणि मी स्वतः एकदा ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावून चार हात लांब जाऊन पडलो होतो. म्हणून आत जाण्याआधी मी वहीवर मोठ्या अक्षरांत लिहून तिला दाखवलं: थोडं जरी वाजलं तरी बस म्हण. करंट आहे. तिने मान हलवली.

आत मशीन जुळवून देणाऱ्या मॅडम होत्या. त्यांनी तारेवरच्या एकेका टोकाला करंट वाढवत न्यायला सुरुवात केली. आवाज मोठा वाटेल पण सोसेल, तिथे हात वर करायचा, असं ठरलं होतं. बायको जरा कुठे टिक झालं की हात वर करायची. मी मागे बसून मनात म्हणत होतो, शाब्बास, बराबर.

घरी आल्यावर वहीवर लिहून विचारलं, काही ऐकू येतं का? म्हणाली, "भिंतीपल्याड कुणी कण्हून राहिल्यावानी." महिना गेला, तेच. दुसरा गेला, तेच. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या आणि हळहळून जायच्या. एक दिवस तिने मशीन काढलं, पुसून डबीत ठेवलं आणि म्हणाली, "तुमी लई केलं. आता ऱ्हाऊ द्या." त्या दिवशी माझ्याने एक कॉइल भरवली नाही. ती नको म्हणत असताना मीच तिचं डोकं चिरायला लावलं, हे काही केल्या मनातून जाईना.

तपासणीची ठरलेली तारीख होती म्हणून दोघं गेलो. पुन्हा तेच, टिक झालं की हात वर. मॅडम थांबल्या. बायकोने हात वर करताना माझ्याकडे बघितलेलं त्यांनी टिपलं होतं. त्यांनी कागदावर लिहिलं, काकू, काकांकडे का बघता?

"यांनीच सांगलंय नं," बायको म्हणाली. "थोडं वाजलं का बस म्हण, करंट हाय."

मॅडम माझ्याकडे वळल्या. मी त्यांना नव्या वायंडिंगचा नियम समजावून सांगितला. जितका समजावत गेलो तितका माझा आवाज बारीक होत गेला.

"काका," त्या म्हणाल्या, "ही मोटार नाहीये. यातला करंट किती वाढवायचा याला हद्द आहे, आणि ती सांभाळायलाच मी बसलेय. तुम्ही काकूंना दोन महिने आवाजाविना उपाशी ठेवलंत." मग त्या हसल्या आणि मला बाहेर जाऊन बसायला सांगितलं. शाळेत असतानाही मला कुणी असं वर्गाबाहेर काढलं नव्हतं.

दार बंद झालं. मी बाकावर बसून राहिलो. चूक माझी निघाली होती, तरी इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. तार ठीक होती, नस ठीक होती, बिघाड एकट्या माझ्यात होता. तो दुरुस्त होण्यासारखा होता.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. वरांड्यात आम्ही दोघंच होतो. ती माझ्या शेजारी बसली, पाठ माझ्याकडे करून पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली नीट लावू लागली. तिला काही विचारायचा मला धीर होईना. मॅडम दारातून मान डोलावून गेल्या, तेवढ्यावरच माझा जीव भांड्यात पडला. मी डोळे मिटले आणि अगदी हळू, माझ्याशीच म्हणालो, "सुटलो बाबा एकदाचा."

तिने डब्यावरची नजर काढली नाही.

"कुणापासून?" ती म्हणाली.