कापसात शिरलेले नाना

कापसाच्या ढिगातून माझ्या धाकट्या दिराचे फक्त दोन पाय बाहेर होते, आणि त्यातला एक हलायचा थांबला होता. आधी आत शिरलेल्या कुत्र्याचाही आवाज येत नव्हता. माणसाला दमा. त्या खोलीत जाताना नाकाला रुमाल बांधणारा माणूस डोकं पुढे घालून ढिगात शिरला होता.

आमच्या या नानांएवढा भित्रा माणूस शिंदखेड्यापासून दोंडाईच्यापर्यंत सापडायचा नाही. एसटीत ते ड्रायव्हरच्या मागे बसतात आणि त्याला झोप लागू नये म्हणून सारखे बोलत राहतात. गॅस बंद केला की तीनदा उठून बघतात. भाव येईपर्यंत आम्ही कापूस पुढच्या खोलीत तुडवून तुडवून छतापर्यंत भरतो, गावात सगळेच भरतात. पण तो घरात असेपर्यंत नाना मला देवापुढे उदबत्ती लावू देत नाहीत. ओला कापूस आतून तापतो असं कुणीतरी त्यांना सांगितलंय, म्हणून रोज सकाळी ढिगात खांद्यापर्यंत हात घालून बघतात.

"तापला का?" मी विचारते.

"आज नही," म्हणतात. उद्याचं काही सांगत नाहीत.

त्यांची मुलगी नाशिकला असते. तिच्या नव्या घरमालकाला कुत्रं चालेना, म्हणून तिने ते इथे आणून सोडलं. टेरिअर म्हणतात त्या जातीला. मांजराएवढं, पांढरं, एक कान तपकिरी, नाव गोट्या. ही जात उंदरामागे जमीन उकरत जाते, एवढं सांगून ती गेली. पहिल्या दिवशी नाना खाटेवर उभं राहून जेवले. पंधरा दिवसांत गोट्याला दुधात भाकरी कुस्करून भरवायला लागले, आणि आधीच्या सगळ्या भीतींत त्याची एक भर पडली. तो झोपला की त्याच्या नाकापुढे बोट धरायचे.

"कुत्रं शे ते, झोपस," मी म्हणायचे.

"झोपेतच जातात, वहिनी," म्हणायचे.

त्या सकाळीही हात घालून कापूस बघितला आणि त्या खोलीची कडी लावायची विसरले. सगळ्या घराला कड्या लावणारा माणूस नेमकी तीच विसरला. गोट्याला उंदीर दिसला. आम्ही पोचलो तेव्हा कापसात शेपूट जाताना दिसलं, मग वरचा कापूस खाली बसला आणि भोक बुजलं.

"थांबा नाना, शेजारच्यांना बोलावते."

"तवलोंग तो मरी जाई," म्हणाले, आणि रुमालही न बांधता आत घुसले.

मी हाका मारल्या. मग पाय धरले. माझ्या लग्नापासून दर दिवाळीला हा माणूस माझ्या पाया पडत आला; त्याचे पाय मी त्या दिवशी पहिल्यांदा धरले. गुडघे दुखतात माझे. तरी भिंतीला टाच लावून ओढलं. हे गेले, जाऊबाई गेल्या, तेव्हापासून या घरात आम्ही दोघंच. आता एकटीच उरते की काय, एवढंच डोक्यात होतं.

नाना बाहेर आले ते ओठ काळेनिळे, केसांत, भुवयांत, मिशीत कापूस. दम्याचा पंप तोंडात धरला, दोनदा दाबला. छाती भात्यासारखी चालायला लागली. पहिला शब्द काढला, "गोट्या?"

गोट्या ढिगातून खिडकीच्या बाजूने निघाला होता आणि उंबऱ्यावर बसून शिंकत होता. तोंडात उंदीर नव्हता.

त्याच आठवड्यात आम्ही कापूस विकला. खोली झाडताना उंदीर माझ्या पायावरून पळाला. गोट्या बघत बसला. मी उदबत्ती लावली.

हल्ली ते दुपारी खुर्चीत झोपतात, गोट्या मांडीवर. घर फार शांत वाटलं की मी हातातलं काम ठेवते, जाते आणि नानांच्या नाकापुढे बोट धरते. परवा डोळे न उघडताच म्हणाले, "जित्ता शे, वहिनी."

त्या खोलीतून कुत्रं वाचलं, नाना वाचले, उंदीरही वाचला. आणि मी.