रद्दीवाल्याच्या काट्यावर

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाकडं आहे. ही वही कधी माझ्या लेकीच्या हाती पडली तर तिने माफ करावं.

ह्यांना लकवा मारला, डावा हात-पाय गेला. घरी आणल्यावर चाळीतल्या बायका रोज काहीतरी आणायच्या. पायाचं सूप, शिरा. शेजारच्या काकी डिंकाचे लाडू. "खाऊ दे गे त्याला, ताकद येईल." ह्यांना लाडू आवडायचेच. पलंगावर पडून पोट सुटलं. संडास गॅलरीच्या टोकाला, आणि मला एकटीला हे उचलेनात. मी पलंगावरच भांडं द्यायचे तेव्हा हे भिंतीकडे तोंड करायचे. स्वतःच्या पायाने संडासला जायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. तिच्या फीसाठी काकींनी आपली भिशी उचलून मला दिली होती. ती मुलगी म्हणाली, "काकू, डावा पाय अजून कच्चा आहे. त्यावर एवढा भार कसा पेलणार? वजन उतरवा."

मी नुसती पेज सुरू केली. थोड्याच दिवसांत त्यांना धरून उभं केलं तरी पाय लटपटायला लागले.

मुलगी रागावली. "उपाशी ठेवा म्हटलं का मी? अशाने पायातलं मांस झडतं. अंडं, डाळ, मासे द्या. तूप-गोड बंद. आणि दर आठवड्याला वजन बघा."

त्यांना उभं राहता येत नव्हतं. म्हणून चाळीतल्या पोरांच्या मदतीने खाली नेऊन रद्दीवाल्याच्या मोठ्या काट्यावर खुर्ची ठेवून त्यांना बसवायचे आणि मग खुर्चीचं वजन वजा करायचे.

"काय भाव देतोस रे?" ह्यांनी विचारलं.

"चालू माल घेत नाही काका, पार बंद पडलेला लागतो."

लकव्यानंतर हे तेव्हा पहिल्यांदा हसले.

काकींना सांगणं मात्र जड गेलं. जिच्या पैशावर उपचार चाललेले, तिचा डबा परत कसा करायचा? दोन दिवस लाडू फडताळात लपवले. तिसऱ्या दिवशी मी दारातच म्हणाले, "काकी, लाडू नकोत. बांगडा भाजून द्याल? तेल कमी."

"मोठी डॉक्टरीण झालीस गे!" काकी फणकारल्या. दुपारी बांगडा आला.

वजन हळूहळू उतरलं, पायात जोर आला. एका सकाळी हे काठी घेऊन निघाले. मी मागे गेले तर म्हणाले, "तू घरात थांब." दाराला धरून मी हे गॅलरीच्या टोकाला संडासापर्यंत पोचेपर्यंत बघत राहिले.

पुढे ह्यांना एका दुकानात गल्ल्यावर बसायचं काम मिळालं. दर पगाराला काकींचे भिशीचे पैसे थोडे थोडे दिले. गेल्या महिन्यात शेवटचे देऊन सगळे फिटले.