कार्डावर न मावलेलं त्रिनिदाद

वोल्फ्सबुर्गच्या सुलेखा शिंत्रेला गाडीचं दार नीट बसलं की नाही, हे नुसत्या आवाजावरून कळतं. तिचं कामच ते. मोटारींच्या दारांची कुलपं बनवणाऱ्या एका कंपनीत ती इंजिनिअर आहे. दिवसभर दारं उघडायची, लावायची आणि कान देऊन ऐकायचं. "पुण्यात एवढं शिकली आणि जर्मनीत जाऊन दारं आपटते," असं तिचे सासरे, आबा, कराडात भेटेल त्याला सांगत. थट्टा करायचे खरे, पण तिच्या कामाबद्दल मनापासून ऐकून घेणारं सासर-माहेर धरून तेवढं एकच माणूस होतं. दर रविवारी फोनवर नवऱ्याचं बोलणं पाच मिनिटांत आटपायचं आणि मग सुलेखा अर्धा तास आबांशी बोलायची. सासऱ्याशी एवढं काय बोलायचं असतं, हे हृषिकेशला नऊ वर्षांच्या संसारात कळलं नाही.

आणि नेमक्या या आबांशीच ती खोटं बोलली.

दर डिसेंबरला दोघांची सगळी रजा कराडला जमा व्हायची. कराडला जाणं म्हणजे सुट्टी, असं फक्त विमानाचं तिकीट काढून देणाऱ्यालाच वाटतं. चॉकलेटांनी फुगलेल्या दोन बॅगा, चौदा नातेवाइकांची घरं, प्रत्येक घरी पोहे, आणि नाही म्हणायची सोय नाही. परत येताना सुलेखा जाताना होती त्याहून दमलेली असायची. इकडे ऑफिसातली मंडळी सुट्टीवरून टवटवीत होऊन यायची. शिवाय जिथे जातील तिथून सगळ्यांना चित्रकार्डं पाठवायची, ही त्यांची जुनी रीत. कॉफीच्या मशीनशेजारचा फळा त्या कार्डांनी भरून गेला होता. सुलेखाचं त्यात एकही नव्हतं. घरी गेल्यावर कोण कार्ड पाठवतं?

२००४ सालच्या डिसेंबरात मात्र तिनं मनाचा हिय्या केला. हृषिकेशला काही धीर होईना, म्हणून फोनवर तीच म्हणाली, "यंदा रजाच मिळाली नाही हो, आबा."

"असू दे गं," आबा म्हणाले. "काम महत्त्वाचं."

रजा तर शिल्लक होतीच. पण वर्षाची उरलेली रजा मार्चअखेर घेतली नाही तर ती बुडते, असा तिथला नियम. तेव्हा ईस्टरच्या सुट्टीत ती, हृषिकेश आणि सहा वर्षांची ज्ञानदा असे तिघं विमानात बसले आणि क्यूबातल्या त्रिनिदाद गावी मुक्कामाला गेले. क्रिकेटवालं त्रिनिदाद वेगळं. हे गाव स्पॅनिश लोकांनी वसवलेलं, साखरेवर श्रीमंत झालेलं आणि मग साखर गेल्यावर तिथेच डोळे मिटून पडून राहिलेलं.

दगडगोट्यांचे रस्ते, त्यावरून टापा वाजवत सावकाश जाणारे घोडे. पिवळी, निळी, गुलाबी बैठी घरं. खिडक्या जमिनीपासून छतापर्यंत उंच, आणि दारं सताड उघडी. सुलेखाचा त्यावर विश्वासच बसेना. पहिल्या दिवशी ती गावभर नुसती दारं बघत हिंडली. कुठल्याही घरात आरपार दिसायचं: झुलत्या खुर्च्या, एखादी म्हातारी, मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे आणि त्यापलीकडे हिरवा डोंगर. कुणी दार लावल्याचा आवाज तीन दिवसांत तिच्या कानावर पडला नाही. ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या बाईंची आणि तिची एकही भाषा सामाईक नव्हती, तरी दोघी संध्याकाळी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडायच्या. सुलेखाला वेळेचा विसर पडला. आज वार कोणता, हेही तिला आठवेना. इतकं हलकं तिला लग्नाआधीही कधी वाटलं नव्हतं.

चौथ्या दुपारी त्याच उंबऱ्यावर ती कार्डं लिहायला बसली. ऑफिसला एक. घरातल्या झाडांना पाणी घालणाऱ्या शेजारच्या फ्राऊ वेन्झेलना एक. ज्ञानदाच्या शाळेला एक. ज्ञानदा आंबा चोखत म्हणाली, "उंड ओमा-ओपा?" आजी-आजोबांना नाही का पाठवायचं?

खरंच की, असं वाटून सुलेखानं निळ्या दाराचं सर्वांत सुंदर कार्ड उचललं. 'आबा, इथे कुणी दार लावतच नाही. माझी नोकरी जाईल. तुम्ही हवे होता.' पुढे जागा संपली. तिनं कराडचा पत्ता घातला, चौकात जाऊन सगळी कार्डं पेटीत टाकली, दोन पावलं पुढे आली, आणि तिला आठवलं: आबांना तर आपण रजाच नाही म्हणून सांगितलं होतं.

टपालपेटी उघडून घेण्यासाठी हृषिकेशनं हातवारे करून पाहिले. टपाल कचेरीतला माणूस गोड हसला आणि त्यानं त्याला एक तिकीट विकलं.

त्यानंतरचे रविवार कसे गेले, ते तिचं तिला ठाऊक. आबा उन्हाळ्याबद्दल बोलायचे, कृष्णेच्या पाण्याबद्दल बोलायचे, कार्डाबद्दल अवाक्षर नाही. चोराच्या मनात चांदणं! ते जरा गप्प राहिले तरी हिला वाटायचं, आता विचारणार. एप्रिल गेला, मे गेला. कार्ड गहाळ झालं असेल, असं तिनं स्वतःला पटवलं. आबांनी तिच्यावरचा विश्वास काढून घेतला असता, तर रविवारी ती बोलणार तरी कुणाशी?

जूनमध्ये आबा आणि आई, म्हणजे तिच्या सासूबाई, पहिल्यांदाच वोल्फ्सबुर्गला आले. तिसऱ्या दिवशी सकाळी आई ज्ञानदाला घेऊन बागेत गेल्या, हृषिकेश कारखान्यात गेला. सुलेखानं चहा आणून ठेवला. आबांनी चष्म्याचं घर उघडलं आणि चष्म्याखालून घडी घातलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. निळं दार मधोमध दुमडलेलं होतं.

"मे महिन्यात आलं," ते म्हणाले. "हिला दाखवलं नाही. तिला वाईट वाटलं असतं."

सुलेखाला रडूच फुटलं. "आबा, मी खोटं बोलले तुमच्याशी. मला फक्त... एकदा कुठेतरी..."

"अगं, थांब." आबांनी बशीत चहा ओतला. "एकोणसत्तर साली मी माझ्या वडिलांना कळवलं, गणपतीला रजा मिळत नाही. आणि हिला घेऊन मालवणला गेलो. चार दिवस. हिनं तोवर समुद्र पाहिला नव्हता. लाटेला घाबरून माझा सदरा धरून उभी राहिली होती. फाटला तो." ते स्वतःशीच हसले. "परत आल्यावर वडिलांना ते सांगावंसं फार वाटायचं. त्यांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. पण आधी खोटं बोलून बसलो होतो ना, मग सांगायचं कसं? ते गेले. सांगायचं राहूनच गेलं."

त्यांनी कार्ड उचलून हातात घेतलं.

"तू खोटं बोललीस, पण सांगितल्यावाचून तुला राहवलं नाही. फोनवर मी दर रविवारी वाट बघायचो, आज बोलेल, आज बोलेल. मग म्हटलं, समोर बसूनच ऐकू."

त्यांनी दुमडीवरून अंगठा फिरवून कार्ड सरळ केलं आणि तिच्याकडे सरकवलं.

"हं. आता या दाराच्या आत काय होतं, ते सांग. कार्डावर जागा फार कमी असते."

सुलेखानं डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि झुलत्या खुर्चीतल्या म्हातारीपासून सुरुवात केली.