मी भरलेलं प्रगतिपुस्तक

"वाचता येत नाही म्हणता, मग ही दहावीपर्यंत आली कशी?" मुंबईच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं मला, तिच्या वर्गशिक्षिकेला. तिला तिथवर आणणारी मीच होते ना.

ही पोरगी वळ गावाहून रिक्षाने आमच्या भिवंडीच्या शाळेत यायची. आई गोडाऊनमध्ये पॅकिंगला. तोंडी विचारलं तर पोरगी धडाधड उत्तरं द्यायची, पण कागद पुढे ठेवला की तिला घाम फुटायचा. पाचवी ते आठवी मी तिला तोंडी विचारायचे आणि लेखीच्या रकान्यात गुण भरायचे. शेरा ठरलेला, 'वाचन समाधानकारक'. आम्हा शिक्षकांत सगळेच असं करतात हो, नववीच्या सरांनीही तेच केलं. शेरा वाईट लिहिला की पोर घरी मार खातं. मला वाटायचं, मी माया करतेय. डोंबलाची माया!

आता बोर्डाच्या परीक्षेत तिला लेखनिक हवा होता, म्हणजे पेपर वाचून दाखवणारं आणि ती सांगेल ते लिहिणारं कुणीतरी. त्यासाठी इस्पितळातून अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे हुशार असूनही वाचता-लिहिता येत नसल्याचा, दाखला लागतो. डॉक्टरबाईंनी मी भरलेली चारही प्रगतिपुस्तकं माझ्यासमोर उघडून ठेवली. "यात कुठेच काही त्रास दिसत नाही. शाळेकडून खरं काय ते लेखी आणा." बोर्डाकडे अर्ज जायला चारच दिवस होते.

परतताना तिच्या आईने विचारलं, "बाई, दाखला भेटंल ना? न्हाय भेटला तं हिला माझ्यासंगं गोडाऊनलाच लावते." मी हो म्हटलं. मुख्याध्यापकांनी तर स्पष्टच सांगितलं, "लिहा, पण चौकशी लागली तर तुमची."

शेवटी पत्र लिहिलं. खाली तिचीही सही लागणार होती. तिला वाचता येत नाही, म्हणून मलाच ते मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. 'पाचवीपासून विद्यार्थिनीस वाचता येत नाही. वर्गशिक्षिकेने दिलेले लेखी गुण खरे नाहीत.'

ती हळूच म्हणाली, "बाई, आठवी पास झाले तवा आयनं गावात पेढे वाटलेले. मी खरंच पास झाले असं वाटलेलं मला."

मी पेन तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "सही कर, बाळा."