खंडेनवमीचे बूट

ज्या गोलकीपरने अजून कॉलेजात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही, त्याच्या चुकांवर सबंध सप्टेंबर महिना बोलू शकणारा माणूस ह्या भूतलावर एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. परदेशात आलेल्या मराठी माणसाला क्रिकेटचं वेड असतं, नाटकाचं असतं, गेला बाजार पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवण्याचं तरी असतं. आमच्या साडूंना केंब्रिजमधल्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीमचं वेड होतं. विद्यापीठाच्या टीमचं नव्हे, नुसत्या कॉलेजच्या. आणि तीही कॉलेजांच्या आपापसातल्या स्पर्धेत सर्वांत खालच्या पायरीवर कायमचा मुक्काम ठोकून बसलेली. मॅच बघायला फार तर दोन माणसं असत. एक आमचे साडू आणि दुसरा मैदानाची निगा राखणारा म्हातारा, ज्याला तिथे उभं राहण्याचा पगार मिळे.

हे सगळं सुरू झालं मेथीपायी. ऐंशीच्या सुमाराला साडूंनी केंब्रिजला घर घेतलं, त्याच्या मागच्या कुंपणाला लागूनच हे मैदान. एका शनिवारी तिकडून एक बॉल उडाला तो थेट ताईंच्या मेथीच्या वाफ्यात. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. हॅरोच्या बाजारातून मेथीचं बी आणून त्यांनी तो वाफा पोटच्या पोरासारखा वाढवलेला. "जा, चांगलं खडसावून या त्या पोरांना," असं म्हणून त्यांनी साडूंना धाडलं. साडू बॉल काखेत मारून, पायांत सपाता, असे रागारागाने गेले ते अंधार पडल्यावर परत आले. बॉल देऊन आले होते आणि डाव्या बाजूच्या बचावाबद्दल एक ठाम मत घेऊन आले होते. "टीम हरत होती हो पाच गोलांनी," ते ताईंना म्हणाले, "अशा वेळी काय भांडायचं?" भांडायला गेलेला माणूस पाठिंबा देऊन आला, आणि तो पाठिंबा त्याने मरेपर्यंत काढून घेतला नाही.

त्या कॉलेजशी त्यांचा कागदोपत्री काडीचा संबंध नव्हता. साडू गावातल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. तिथे असा प्रवाद होता, की पेशंटला टेबलावर घेतलं की साडू गेल्या शनिवारची मॅच सांगायला लागतात आणि औषध निम्मंच लागतं. मी एकदा त्यांना हे चिडवायला म्हणून विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "अहो स्टॅनमोर, पेशंटला सर्जन आठवतो, नर्स आठवते, जेवणानंतरची जेलीसुद्धा आठवते. मी कोणाला आठवत नाही. आठवलोच, तर माझं काहीतरी चुकलं असं समजायचं." मला ते माझ्या नावाने कधीच हाक मारत नसत. मी स्टॅनमोरला राहायचो म्हणून मी स्टॅनमोर. इल्फर्डचे एक देशपांडे होते, ते इल्फर्ड. त्यांच्या लेखी सगळी माणसं आपापल्या गावच्या टीममधून खेळत होती.

पण साडू खरे रंगात यायचे ते सप्टेंबरात. कॉलेजं बंद, गावात शुकशुकाट, मैदानावर चिटपाखरू नाही. अशा वेळी साडू आणि तो म्हातारा मैदानाच्या कडेच्या लोखंडी रोलरवर बसून येत्या हंगामाची चर्चा करत. बरोबर ताईंच्या आल्याच्या चहाचा थर्मास. गेल्या वर्षीचे अर्धे खेळाडू पदवी घेऊन पांगलेले, नवे अजून यायचे. म्हणजे चर्चेला माणूस म्हणून एक नाही. पण ह्या दोघांचं त्यावाचून काही अडत नसे.

"यंदा लेफ्ट विंगला कोणीतरी वेल्सचा येणार," म्हातारा म्हणे.

"कशावरून?"

"बरीच वर्षं झाली, वेल्सचं कोणी आलेलं नाही."

साडूंना हे तंतोतंत पटे. मग वेल्सच्या पोराने कॉर्नर कसा घ्यावा ह्यावर वाद, त्या वादातून वेल्सचे डोंगर, डोंगरावरून किल्ले आणि किल्ल्यांवरून गाडी हटकून इतिहासावर. म्हातारा होता इलीच्या बाजूचा, दलदलीच्या मुलखातला. हा सगळा प्रदेश एके काळी पाण्याखाली होता, नॉर्मन राजाला इथल्या एका बंडखोराने लव्हाळ्यांत लपून कसं जेरीस आणलं, पुढे डच लोकांनी येऊन कालवे खणून पाणी कसं उपसलं, हे तो काल पाहिल्यासारखं सांगे. साडू मांडीवर थाप मारत आणि म्हणत, "गनिमी कावा! हा तर आमचाच माणूस!" मग ते त्याला सह्याद्री सांगत. म्हाताऱ्याने आयुष्यात टेकाडाएवढा डोंगर पाहिलेला नव्हता. त्यामुळे तो कड्यांची उंची ऐकून नम्रपणे मान हलवी आणि मनात निम्मी कमी करत असावा. आपली टीम नदीपलीकडच्या कॉलेजकडून दरवर्षी का मार खाते, ह्याचं कारण ह्या दोघांच्या मते खेळात नव्हतं, पार रोमनांच्या काळात होतं. दोन माणसं इतकी आनंदात आणि इतकी चुकीची मी एकत्र पाहिलेली नाहीत.

नव्वदनंतर एका वर्षी मात्र रोलरवरचा हा आनंद गढुळला. झालं होतं असं, की आदल्या हंगामात कॉलेजातली धडधाकट पोरं सगळी होड्या वल्हवायला पळाली आणि टीमला अकरा माणसं जमेनात. दोन-तीन मॅच न खेळताच सोडाव्या लागल्या. कॉलेजने ठरवलं, की यंदाच्या पहिल्या मॅचला अकरा जण उभे राहिले नाहीत, तर ही टीम बंद. हौशी पोरांनी नदीपलीकडच्या कॉलेजच्या टीममध्ये जाऊन खेळावं. कॅप्टनने हे येऊन सांगितलं तेव्हा साडूंचा चेहरा मी पाहिला आहे. "संस्थान खालसा!" एवढंच म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि ताईंनी मला फोनवर सांगितलं, "हसू नका हो. ह्यांना त्या टीमशिवाय इथे आपलं असं आहे काय? हॉस्पिटल काय, उद्या रिटायर झाले की संपलं."

ऑक्टोबरात कॉलेज उघडलं, तसे साडू कंबर कसून उठले. कॅप्टन नवी पोरं हेरून आणी आणि साडू त्यांना घरी जेवायला घालत. ताईंच्या बटाटेवड्यांवर त्यांनी सहा माणसं फोडली. त्यांत एक धर्मशास्त्राचा विद्यार्थी होता, एक बुद्धिबळाचा खेळाडू होता आणि एक नुसताच उंच होता. अकरा भरले! साडूंना एवढा उल्हास झाला, की त्यांनी एक घोषणा केली. मॅच दसऱ्याच्या दिवशी, रविवारी होती. म्हणजे आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घराघरांत शस्त्रांची, हत्यारांची पूजा होते. तेव्हा टीमच्या हत्यारांची, म्हणजे बुटांची, पूजा साडूंच्या घरी होईल. पोरांनी शुक्रवारी आपापले बूट आणून दिले. इंग्रज माणसाला कारण सांगितलं नाही तरी चालतं, पोटभर वाढलं पाहिजे.

शनिवारी सकाळी आम्ही स्टॅनमोरहून पोचलो तो दिवाणखान्यात पूजा मांडून तयार. पाटावर साडूंचा स्टेथोस्कोप, ताईंचं शिवणयंत्र, त्यांच्या मुलीची ए-लेव्हलची पुस्तकं, आणि समोर बुटांची आरास. हळदकुंकू वाहिलेलं, प्रत्येकात बागेतलं शेवंतीचं एकेक फूल. साडू सौंदर्यदृष्टीचे असल्यामुळे त्यांनी सगळे डावे बूट डावीकडे आणि सगळे उजवे उजवीकडे लावले होते. रात्रभर हॉस्पिटलात ड्यूटी करून आले होते. पूजा केली, फोन काढून ठेवला आणि झोपले. पूजेतल्या हत्यारांना त्या दिवशी हात लावायचा नसतो. त्यामुळे सगळं कसं निवांत होतं.

अन् दुपारी त्यांची मुलगी किंचाळत जिन्यावरून धावली. "बाबा, ऊठ! तुझा मॅच आज आहे! रविवारी खूप पाऊस येणार म्हणून त्यांनी आज केला. ते सकाळपासून फोन करतायत. कॅप्टन दारात आहे, आणि बाबा, दे आर ऑल इन सॉक्स!"

खिडकीतून पाहिलं तर खरंच. पुढच्या बागेत अकरा पोरं, जर्सी घालून, मोज्यांवर. मॅच अर्ध्या तासावर. साडू लुंगी सावरत पूजेपाशी धावले आणि ताई आडव्या आल्या.

"नैवेद्य झालेला नाही."

"अगं, टीम बुडते आहे!"

"म्हणून देवीला उपाशी उठवायचं? कुकर लावलाय. वरणभात होऊ दे, नैवेद्य दाखवते, अक्षता टाकते, मग न्या तुमचे बूट."

साडूंनी आयुष्यात ताईंचा शब्द मोडला नव्हता, आणि देवीचा तर नाहीच. तिकडे रेफ्रीची शिट्टी होऊ घातलेली आणि इकडे कुकरची होईना. साडू कुकरसमोर हात जोडून उभे. दारातून कॅप्टनने मान आत घातली आणि चर्चमध्ये विचारावं तशा आवाजात विचारलं, "देवीजींचं अजून बरंच चालेल का?"

"स्टॅनमोर," साडू एकदम माझ्याकडे वळले, "कुंपणावरून जा. त्या रेफ्रीला बोलण्यात गुंतवा."

"अहो, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही!"

"मग इतिहास सांगा!"

मी रेल्वेच्या सिग्नलमधला माणूस. पण गेलो. रेफ्री घड्याळ बघत उभा होता. मी त्याला "नाइस ग्राउंड" म्हणालो, आणि पुढे काही सुचेना म्हणून हे मैदान पूर्वी पाण्याखाली होतं आणि डचांनी ते कोरडं केलं, असं ठोकून दिलं. रोलरवरून म्हातारा ओरडला, "हे मैदान नव्हे! उत्तरेकडची दलदल!" रेफ्रीने त्याच्याकडे वळून पाहिलं. नशीब असं जोरावर, की तोही तिकडचाच निघाला. "डचांनी नाही, त्यांनी फक्त पैसे घेतले. खणलं आमच्या लोकांनी," तो म्हणाला. म्हातारा रोलरवरून उतरला. बघता बघता दोघांची जुंपली. कालवे, बंधारे, कोणाच्या पणजोबांनी कोणाचा बांध फोडला, सगळं निघालं. मी मधून मधून "पण नॉर्मन?" एवढं म्हणून विस्तवावर तूप टाकत होतो. घड्याळाचं कोणाला भान राहिलं नाही.

आणि कुंपणापलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिथून इथवर ऐकू आली. थोड्याच वेळात कुंपणावरून कपड्यांची टोपली आली, पाठोपाठ साडू आणि त्यांच्यामागे मेथीचा वाफा तुडवत मोज्यांचे अकरा जोड. डावा कोणाचा, उजवा कोणाचा, काही कळेना. ज्याच्या पायात जे शिरलं ते त्याने चढवलं. उंच पोराला एकच बूट आपला मिळाला. बुटांतून फुलं आणि अक्षता उडताहेत, आणि अकरा माणसं मैदानात उभी! रेफ्रीने शिट्टी वाजवली तेव्हा साडूंनी माझा दंड असा धरला, की वळ उठला.

आम्ही सात गोलांनी हरलो. त्यातला एक गोल आमच्याच धर्मशास्त्रवाल्याने आमच्यावर मारला. पलीकडच्या टीमचा एक आडदांड गडी मध्येच पायाला लाल लागलेलं पाहून मटकन खाली बसला, साडू आत धावले, पाय तपासला आणि म्हणाले, "कुंकू आहे. ह्याने काही होत नाही. झालं तर चांगलंच होतं." मॅच संपल्यावर साडू आणि म्हातारा एकमेकांना मिठी मारून नाचले. जिंकलेली टीम हे दृश्य तोंडाचा आ वासून बघत होती. टीमचा फोटो काढायचा तेव्हा कॅप्टनने साडूंना ओढलं. "मी कॉलेजचा नाही," साडू म्हणत होते. "डॉक्टर, तुम्ही आमचे आहात," कॅप्टन म्हणाला, आणि लुंगीवर चढवलेल्या ओव्हरकोटाची बटणं लावून साडू पोरांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. आयुष्यभर लोकांना शुद्धीवर आणून अंधारात परत जाणाऱ्या माणसाला कोणीतरी उजेडात उभं केलं होतं.

ती पोरं पदवी घेऊन गेली. कॉलेजच्या टीमचं तसंच असतं, खेळाडू जातात आणि बघणारा तेवढा राहतो. दोन वर्षांमागे साडू गेले, तेव्हा बघणाराही राहिला नाही. झोपेतच गेले, कोणाला काही कळलं नाही. मला त्यांची फार आठवण येते. हसण्यावारी नेलं त्यांना मी, पण खरं सांगतो, एवढ्या निकामी गोष्टीवर एवढं निर्मळ प्रेम करणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

परवा ऑक्टोबरात ताईंना भेटायला गेलो होतो, तेव्हा सहज मैदानावर गेलो. नवा आलेला एक पोरगा पॅव्हिलियनच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. मला कोणी जुना जाणकार समजून त्याने विचारलं, "आपली टीम चांगली आहे का हो?"

"वाईट आहे," मी म्हणालो. "पण अकरा जण उभे राहतात."

त्याने आत भिंतीवरच्या फोटोंकडे बोट केलं. ओव्हरकोट घातलेले हे इंडियन गृहस्थ कोण, म्हणाला. त्याला सरावाला जायचं होतं, बाकीचे त्याला हाका मारत होते. पण मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो आणि सांगायला सुरुवात केली.